झिजलेलं नाक

जुन्या वस्तूंच्या त्या दुकानात नक्षीदार खुर्च्या, झुंबरं आणि समयांच्या गर्दीत मला एक रांगता बाळकृष्ण दिसला. पितळेचा, बोटभर उंचीचा. त्याला नाक नव्हतं, डोळ्यांच्या जागीही नुसता गुळगुळीतपणा. शेजारच्या गृहस्थांनी तो उचलून पाहिला आणि म्हाताऱ्या दुकानदारांना विचारलं, "चेहरा खराब झालाय. नवा कोरून द्याल का?"

दुकानदारांनी मूर्ती हळूच परत घेतली. "खराब नाही साहेब, रोजच्या आंघोळीनं झिजलाय. कुणाकुणाच्या सासवा-सुनांनी चिंच लावून घासलाय. नवा कोरला, तर यात जुनं काय राहिलं?"

मी त्या गालांवरून अंगठा फिरवला. तान्ह्या बाळाचं तोंड पुसावं तसं वाटलं. कितीजणींनी आपल्या मनातलं सांगत सांगत हा चेहरा धुतला असेल.

घरी येऊन देवघरातला माझा बाळकृष्ण हातात घेतला. लग्नात आईनं दिलेला. तीस वर्षं मी त्याला घाईघाईत पाण्यातून काढते आणि पुसून ठेवते.

त्याचं नाक अजून अगदी टोकदार आहे.