काउंटरवरची मास्तरीण

माझी पुतणी तिशीची आहे. घरात तिला सगळे मास्तरीण म्हणतात, कारण कोणीही काही चुकीचं बोललं की ती जागच्या जागी दुरुस्त करते. लहानपणीच डॉक्टरांनी सांगितलं होतं की ती स्वमग्न आहे. वहिनीने तेव्हा डोळ्यांतून पाणी काढलं, आणि मग पदर खोचून कामाला लागली. मास्तरीण शिकली आणि माझ्या ड्रायक्लीनिंगच्या दुकानात मागच्या खोलीत लागली. कापडावरून बोट फिरवून ती लोकर किती अस्सल ते सांगते. पण तिला मागची खोली नको होती, तिला काउंटर हवा होता.

"का गं? आत काय वाईट आहे?" मी विचारायचो.

"आत फक्त कपडे येतात. माणसं बाहेर असतात."

आता हिला माणसं हवीत, आणि ही माणसाकडे बघतसुद्धा नाही! मी टाळत राहिलो. तिने मात्र वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये दर शनिवारी एक नाटकाचा वर्ग धरला. तिच्यासारखीच मंडळी तिथे जमायची. या नाटकात लिहिलेले संवाद नसतात, आयत्या वेळी सुचेल ते बोलायचं. पहिल्या दिवशी मी तिला सोडायला गेलो आणि दारात रेंगाळलो. बाकावर बसलेला एक पोरगेला टॅक्सीवाला म्हणाला, "अगं, होडीत पाणी शिरतंय!" मास्तरीण म्हणाली, "हा बाक आहे." नाटक बुडालं. मी मनात म्हटलं, झालं, आमची गाडी इथूनच परत फिरणार.

ती फिरली नाही. वर्ग घेणाऱ्या नाटकवाल्या बाईंनी एकच नियम शिकवला होता: समोरचा जे देईल ते नाकारायचं नाही, घ्यायचं, आणि त्यात आपलं काहीतरी घालायचं. काही महिन्यांत ती होडीतलं पाणी उपसायला लागली, वर टॅक्सीवाल्याला "तू नुसता बसू नकोस" म्हणून दटावायलाही लागली. वहिनीने मग माझ्यामागे भुणभुण लावली, आणि मी एका सकाळी तिला काउंटरवर बसवलं.

पहिलीच बाई आली. कोट सापडायला जरा वेळ लागला, तशी थट्टेने म्हणाली, "काय, विकलात की काय माझा कोट?"

"हो, विकला," मास्तरीण म्हणाली, "आणि त्या पैशांचा केक आणला."

त्या बाईचा चेहरा लालबुंद. मी कपाळावर हात मारला आणि मास्तरणीला परत आत पाठवलं. ती रडली नाही. शनिवारी तिने हे नाटकवाल्या बाईंना सांगितलं, दोघी बराच वेळ बोलल्या म्हणे. रविवारी जेवताना तिने मला निकाल ऐकवला: "स्टेजवर घालायचं ते खोटं चालतं. दुकानात घालायचं ते खरंच पाहिजे. घ्यायचं मात्र दोन्हीकडे."

"बरं," मी म्हटलं, आणि विषय संपवला. काउंटर द्यायचा नाही हे मी ठरवूनच टाकलं होतं.

मग एका दुपारी एका मोठ्या हॉटेलातले एक वाढपी आले. हातात काळा कोट, पाठीवर इस्त्रीची चकाकी उमटलेली.

"जाळलात तुम्ही हा! संध्याकाळी मालकांनी बघितलं तर माझी नोकरी जाईल."

"आधीपासूनच होती ती चकाकी," मी म्हटलं. माझ्या नाकावर राग कायमचा मुक्कामाला असतो. त्यांचा आवाज चढला, माझा त्याहून चढला, रांगेतली माणसं एकमेकांकडे बघायला लागली.

मास्तरीण बाहेर आली. माझ्याकडे बघितलं नाही, त्यांच्याकडेही नाही. तिने कोट हातात घेतला.

"कोट चकाकलाय. मालकांनी बघितला तर नोकरी जाईल," ती म्हणाली. "ड्यूटी किती वाजता?"

"सहाला," ते म्हणाले. आवाज आपोआप खाली आला होता.

"मग वेळ आहे. ओला कपडा, वाफ आणि ब्रश. तुमच्यासमोर करते."

तिने काउंटरवरच कपडा पसरला. तिची नजर कोटावर होती, म्हणून त्यांचीही कोटावरच खिळली. वाफ बसली, ब्रश फिरला, चकाकी हळूहळू मरत गेली.

"चूक कोणाची होती पण?" त्यांनी विचारलं.

"काकांची. इस्त्री फार तापवतात."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण ते वाढपी हसले, रांगेतले हसले, आणि शेवटी मलाही हसू फुटलं. त्यांनी कोट तिथेच अंगात चढवला आणि तिला पाठ दाखवली. ती म्हणाली, "आता छान," आणि आनंद झाला की ती हात फडफडवते तसे भर दुकानात फडफडवले. माझा ऊर अभिमानाने भरून आला. उगाच का लपवू?

ते गेल्यावर मी म्हटलं, "आजपासून काउंटर तुझा."

"कायमचा?"

"कायमचा."

"मग तुम्ही आत जा," मास्तरीण म्हणाली. "गिऱ्हाईक उभं आहे, आणि तुम्ही मध्ये आहात."

मी आत गेलो.