नकाशातलं वाळवण

नकाशा पसरला की ती आधी त्याला फिरवायची. "माझं दार माझ्याकडं येऊ दे," म्हणायची. नकाशात उत्तर दिशा वर असते, हे मी तिला दोन-तीनदा समजावलं. "वर तर आभाळ असतं, साईं," ती म्हणाली आणि जमलेल्या बाया हसल्या.

आदराने हाक मारायचा हा 'साईं' शब्द तिने उल्हासनगरहून उचललेला. तिथल्या कॅम्प एकमधल्या सिंधी व्यापाऱ्याकडून पीठ आणून ती अंबरनाथ पूर्वेच्या आपल्या वस्तीत पापड लाटायची. ऐंशीच्या दशकाची अखेर होती. वस्तीचा आराखडा लोकांना विचारून करायचा, असा नवा प्रयोग आमच्या कार्यालयाने हाती घेतला होता. मी तिथे नकाशे काढायचो. लोकांना बोलतं करणं हेही माझंच काम. प्रत्यक्षात तीच मला बोलतं करायची.

आठ घरांमधल्या अंगणावर आम्ही 'मोकळी जागा' असं लिहिलं होतं. तिने ते माझ्याकडून वाचून घेतलं.

"मोकळी कशी? ऊन असेतो पाय ठेवायला जागा नसते तिथं."

खरंच होतं. तुम्हीही अशी अंगणं पाहिली असतील: जुन्या साड्यांवर पापड, कडेला कावळे हाकणारी म्हातारी. मी तिच्यासमोर ते खोडून 'वाळवण' लिहिलं. अक्षरं येत नसली तरी तिने ती बराच वेळ न्याहाळली.

पक्का नकाशा करताना साहेब म्हणाले, वाळवण असं काही आपल्या चिन्हांच्या यादीत नाही, आणि मग पाण्याची टाकी कुठे बसवणार? मी वाद घातला नाही. शाईने लिहिलेला तो शब्द ब्लेडने खरवडला आणि तिथे पुन्हा 'मोकळी जागा' लिहिलं.

संमतीच्या सभेत तिने कागद फिरवला. अंगठा देण्याआधी अंगणावर बोट ठेवलं.

"वाच."

वस्ती माझ्याकडे बघत होती, साहेब घड्याळाकडे.

"वाळवण," मी वाचलं.

तिने अंगठा उठवला.

अंगणात टाकीच्या खुंट्या ठोकल्या गेल्या तेव्हा ती कार्यालयात आली. भांडली असती तर बरं झालं असतं.

"तेव्हाच वाटलेलं, अक्षरं जास्त दिसतायत," ती म्हणाली. "म्हटलं, साईंनी वाचलंय, मग असंल."

टाकीचं पाणी सगळ्या वस्तीला मिळालं, हेही खरं. पण अंगण गेलं तसे तिचे पापड गेले, आणि पुढच्या उन्हाळ्याआधी तीही गेली. वांगणीकडे भावाकडे, असं शेजारणी म्हणाल्या. पुढे नव्वदच्या दशकात बदलापुरात बदली झाली तेव्हा मी वांगणीला दोनदा जाऊन आलो. पापडवाली म्हणून विचारलं. तिथे तिला त्या नावाने कोणी ओळखत नव्हतं, आणि दुसरं नाव मी कधी विचारलंच नव्हतं.

त्या पक्क्या नकाशाची एक प्रत माझ्याकडे आहे. कधीतरी टेबलावर पसरतो आणि फिरवतो. तिचं दार पलीकडच्या बाजूला येतं. तिकडे कोणी नसतं. तरी मी अंगणावर बोट ठेवतो आणि मोठ्याने वाचतो, जे लिहिलंय तेच.