सगळ्या वस्तीचा एकच नंबर

सास्तूरच्या आमच्या वस्तीत पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली. कॉलेजात होते तेव्हा चुलती पहाटे उठून माझा डबा करायची, एसटीच्या कंडक्टरकडे द्यायची आणि मग दुसऱ्याच्या रानात खुरपायला जायची. तिचे उपकार मोठे. म्हणून हे सांगते.

मोफत उपचाराची सरकारी आरोग्य कार्डं निघाली तेव्हा वस्तीत फार थोड्यांकडे चालू फोन होता. बुद्धविहारात बसून मी घरोघरची कार्डं माझ्या मोबाइलवर काढली. नंबर विचारला की म्हातारी माणसं म्हणायची, "तुझाच टाक की बाई. तू काय कुठं पळून चाललीस?" मी टाकला. सगळ्यांना माझाच. कुणी दवाखान्यात गेलं की ओटीपी मला यायचा, मी फोनवरून सांगायचे. अभिमान वाटायचा.

मग लग्न होऊन मी भूमला गेले. नवरा म्हणाला, "माहेरचा नंबर कशाला? दिवसभर कुणाचं ना कुणाचं कार्ड." त्यानं नवं सिम आणलं. जुन्यावर मी रिचार्ज केला नाही. संसाराच्या गडबडीत विसरले, असं मी सांगत आले. खरं म्हणजे सुटल्यासारखं वाटलं होतं.

वर्षभरात चुलतीच्या छातीत गाठ निघाली. सोलापूरच्या एका दवाखान्यात कार्डावर ऑपरेशन व्हायचं होतं. मी सोबत गेले. खुरपं धरून तिच्या बोटांचे ठसे झिजले होते, मशीन ते घेईना. खिडकीतला माणूस म्हणाला, "मग ओटीपी सांगा." तो गेला होता माझ्या जुन्या नंबरवर.

मी त्या नंबरला फोन लावला. कुणा परक्या पुरुषानं उचलला. बंद पडलेला नंबर कंपनीनं त्याला दिला होता.

"दादा, आत्ता एक ओटीपी आला असेल, तेवढा सांगा. माझ्या चुलतीचं ऑपरेशन आहे."

"मागल्या महिन्यात कुणाच्या तरी बापाचं हुतं," तो हसला. "आवाज लई गोड हाय ताई. पण फसवायला दुसरं गिऱ्हाईक बघा."

"खरंच दवाखान्यातून बोलतेय हो."

"समदे तिथूनच बोलतात." फोन कट. पुन्हा लागलाच नाही.

मी खिडकीशी वाकून म्हणाले, "साहेब, तुमच्या फोनवरून तुम्ही बोला ना."

"ते माझं काम न्हाय." मग चुलतीकडं बघून, "मावशी, शिकलेलं माणूस आणलंय म्हणं संगं? व्हा बाजूला." रांगेत दोघं-तिघं हसले. चुलतीही हसली, त्यांना बरं वाटावं म्हणून.

कार्डावरचा नंबर बदलायला गेलं की कधी सेवा केंद्र बंद, कधी सर्व्हर बंद, कधी कागद कमी. सातव्या आठवड्यात कार्ड चालू झालं. डॉक्टरांनी नव्यानं तपासलं, चुलतीला बाहेर बसवलं आणि मला विचारलं, "इतके दिवस कुठं होतात? आता कापून उपयोग नाही."

पायऱ्यांवर चुलती वाट बघत होती. "काय म्हणले?"

"गोळ्या दिल्यात."

"मंजी कापायचं न्हाय?" तिनं माझे दोन्ही हात धरले. "लई भ्या वाटत हुतं गं. तू हुतीस म्हणून सुटले."

वस्तीत गेल्यावर तिनं दारोदार हेच सांगितलं. आमची पोरगी शिकलेली, तिनं माझं ऑपरेशन टाळलं. बाया माझ्याकडं कौतुकानं बघत होत्या. मी मान हलवत राहिले.