खिडकीच्या गजांना बांधलेल्या ओढण्या

भोपाळला निघताना लेकीने बजावलं, "आई, तिथे जाऊन मास्तरकी करू नकोस." मी हो म्हटलं. तेहतीस वर्षं नाशिकच्या शाळेत शिकवलेल्या बाईचा 'हो' किती टिकणार, हे तिलाही ठाऊक होतं.

सकाळी स्टेशनवर मावसबहीण सुनंदाताई न्यायला आली. तिच्या यजमानांची सगळी नोकरी इथल्या कारखान्यात झाली, आणि निवृत्तीनंतर दोघं इथेच, अयोध्या नगर या वस्तीत राहिली. घरी पोचताच पोहे-जिलबी पुढ्यात आली. पोह्यांवर शेव आणि जीरावन (आंबट-तिखट मसाला). गोडाबरोबर पोहे कसले खायचे, म्हणून मी नाक मुरडलं, आणि मग दुसऱ्यांदा मागून घेतले.

संध्याकाळी आम्ही बडा तालाब पाहायला गेलो. इतकं पाणी शहराच्या मधोमध मी पहिल्यांदाच पाहत होते. ताईचं लक्ष मात्र तिच्या क्लासकडे. घरामागच्या बांधकामांवरच्या मजुरांची मुलं एका रिकाम्या खोलीत जमतात, आणि ताई व तिच्या तीन मैत्रिणी त्यांना रोज शिकवतात.

"रजनी म्हणून एक मुलगी आहे, दहा वर्षांची," ताई सांगत होती. "दोन वर्षांत धडा वाचायला लागली. सोमवारी सरकारी शाळेत तिचं नाव घालायचंय. तिची आई बड्या मुश्किलीने तयार झालीये."

दुसऱ्या दिवशी ताईला दाताच्या डॉक्टरांकडे जावं लागलं आणि क्लास माझ्यावर आला. मी हरखले. अर्धा तास आधी जाऊन खोली झाडली. खिडकीच्या गजांपासून समोरच्या खुंट्यांपर्यंत कुणीतरी चार जुन्या ओढण्या बांधल्या होत्या. वाळत घातल्या असतील असं समजून मी त्या सोडल्या, छान घड्या करून कपाटात ठेवल्या.

मुलं आली. चार मुलींच्या कडेवर लहान भावंडं होती. त्या खिडकीकडे बघत उभ्याच राहिल्या. मग एक बाळ रडलं, त्याला ऐकून दुसरं. रजनीच्या कडेवरची छुटकी सगळ्यांत जोरात.

"मैडमजी, अभी चुप हो जाएगी," रजनी म्हणाली.

"पहले इसे घर छोड़कर आओ," मी माझ्या वर्गातल्या आवाजात म्हटलं. ती गेली. तिच्या मागून बाकीच्या तिघीही गेल्या, आणि एकही परत आली नाही. उरलेल्या मुलांना मी मन लावून पाढे शिकवले.

ताई आली, तिने रिकाम्या गजांकडे पाहिलं. "अगं, त्या झोळ्या होत्या. बाळं तिथे झोपतात म्हणून तर पोरी शिकतात." ती रागावली असती तर बरं वाटलं असतं. मला फार लाज वाटली.

आम्ही तशाच रजनीच्या झोपडीवर गेलो. आई विटांच्या चुलीवर भाकरी भाजत होती. मान वर न करता म्हणाली, "छोटी क्लास से भगा दिया, तो बड़े स्कूल में कौन रखेगा? नहीं भेजना।" रजनी छुटकीला घेऊन पाठमोरी बसली होती.

"गलती मेरी है," मी म्हटलं. "सोमवार से छुटकी को मैं सँभालूँगी।"

"और आप चली जाओगी तब?"

"तब हम चार हैं," ताई म्हणाली. "सुबह से बारी-बारी।"

बाईने तव्यावरची भाकरी उलटली. मग रजनीला म्हणाली, "सोमवार को बाल ठीक से बाँधना।"

सोमवारी सकाळपासून मी झोळी हलवत बसले. छुटकी दोनदा झोपली, तीनदा माझ्या अंगावर शू केली. दुपारी रजनी धावत आली, आधी झोळीत डोकावली, मग म्हणाली, "हाज़िरी में मेरा नाम आया। मैंने 'जय हिंद' बोला।" (इथल्या शाळांत मुलं अशीच हजेरी देतात.) माझे डोळे भरून आले. त्या चौघी बायकांना मी मनातल्या मनात नमस्कार केला.

परतताना माझी एक सुती साडी मी ताईच्या कपाटात ठेवून आले, ओढणीपेक्षा टिकेल. गाडी इटारसीवरून सुटली तरी माझ्या डोळ्यांपुढे नाशिकचा वर्ग होता. तेहतीस वर्षं मी रोज हजेरी घेतली. न आलेल्या मुलींपुढे लाल शाईने 'गै' लिहिलं आणि पुढचं नाव पुकारलं. त्यांच्या कडेवर कोण होतं, हे एकदाही विचारलं नाही.