डग्गा कुणी खाल्ला?

माझ्या दाजींचे कान बाद झालेले आहेत, हे मी पहिल्यांदा मोठ्याने म्हणालो ते त्यांच्याच घरी, त्यांच्याच पाटावर बसून, त्यांनीच आग्रहाने वाढलेली तिसरी पुरणपोळी खाताना. राग आला की मला जागेचं भान राहत नाही. (माझी बायको म्हणते, एरवीही राहत नाही. तिच्यावरचा राग पुढे येईल.)

ही गोष्ट सत्तर-एकाहत्तरची. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे, यजमान. कोपरगावकडच्या एका साखर कारखान्यात ते फिटर होते आणि कारखान्याच्या वसाहतीतच राहायचे. माझं बेलापुरात रेडिओदुरुस्तीचं दुकान. रेडिओचा कोर्स मी टपालाने पुरा केला होता आणि त्याचं सर्टिफिकेट काच लावून दुकानात टांगलं होतं. आई-वडील गेल्यापासून आक्काला माहेर म्हणजे मीच. पंचमी, राखी, दिवाळी, सगळं माझ्या दारी. हे एवढं तुम्ही लक्षात ठेवा, कारण पुढे सहा महिने ते माझ्या लक्षात राहिलं नाही.

त्या वर्षी गळिताचा हंगाम संपल्यावर दाजींनी पुण्याहून रेकॉर्ड प्लेअर आणला. ॲम्प्लिफायर मी जोडून दिला. राहिले स्पीकर. नुसता स्पीकर म्हणजे लोखंडाच्या कड्यात बसवलेला कागद. त्याला लाकडी खोकं लागतं आणि आवाजाची सगळी गंमत त्या खोक्यात असते. इथपर्यंत दाजींचं आणि माझं एकमत होतं. त्यानंतर ते कशावर झाल्याचं आठवत नाही.

मी एका इंग्रजी मासिकात वाचलं होतं की खोकं चहूबाजूंनी बंद हवं, हवा जायला सुईएवढी फट नको. (इंग्रजी मला अर्धंच कळायचं. पण जे अर्धं कळलं त्यावर माझा पूर्ण विश्वास होता.) दाजी म्हणाले, "आवाजाला दम घ्यायला भोक पायजे. बॉयलरला बी वाट ठेवावीच लागती." मी म्हणालो, स्पीकर म्हणजे बॉयलर नव्हे. त्यावर त्यांनी मला विचारलं, बॉयलर कधी जवळून पाहिलाय का. मी पाहिला नव्हता, त्यामुळे मला फारच राग आला.

शेवटी ज्याने त्याने आपापल्या मताचं खोकं करायचं ठरलं. दाजींनी सागवानी फळ्यांचं केलं आणि पुढच्या फळीला वाटीएवढं गोल भोक पाडलं. मी आंब्याच्या फळ्यांचं केलं, सांधे मेणाने बुजवले आणि मासिकात सांगितलं होतं म्हणून आत लोकर भरली. मासिकवाल्यांची लोकर कुठली होती कोण जाणे. माझी नदीकाठी मेंढरं बसवलेल्या धनगरांकडची होती, न धुतलेली. ते खोकं मांडीवर घेऊन मी एसटीत बसलो, तर शेजारचा प्रवासी श्रीरामपूर यायच्या आत उठून मागे जाऊन उभा राहिला.

अक्षय्य तृतीयेच्या सकाळी दोन्ही खोकी शेजारी शेजारी मांडली. वायरी जोडायचं काम अर्थातच माझं. सर्टिफिकेट माझ्याकडे होतं, तेव्हा मी कुणाला हात लावू दिला नाही. दाजींशी भांडतच मी स्क्रू पिळले. वसाहतीतली दहा-बारा माणसं सतरंजीवर येऊन बसली आणि दाजींनी तबल्याची रेकॉर्ड लावली. आधी नुसतं त्यांचं खोकं वाजवलं. डग्गा असा घुमला की माणसं माना डोलवायला लागली. मग नुसतं माझं वाजवलं. माझाही डग्गा घुमला, आणि जास्त नेटका घुमला असं माझं मत आजही आहे. मग मी दोन्ही खोकी एकदम सुरू केली.

डग्गा गेला! तबला टणटणीत वाजत होता, पण डग्गा कुणीतरी उचलून नेल्यासारखा नाहीसा झाला होता. दोन खोक्यांत मिळून एका खोक्याएवढाही खर्ज उरला नव्हता.

"तुमच्या खोक्यानं डग्गा खाल्ला," दाजी म्हणाले.

"माझं खोकं बंद आहे. खायला तोंड तुमच्या खोक्याला आहे," मी म्हणालो.

तेवढ्यात आक्का पदराला हात पुसत बाहेर आली. तिने वाकून खोक्यांच्या मागे पाहिलं आणि मला विचारलं, "दत्तू, ह्या खोक्याला तांबडी वायर तांबड्या ठिपक्यावर हाय, अन् त्या खोक्याला काळी. आसं चालतं व्हय?"

मी तिला सांगितलं की स्पीकर कसाही जोडला तरी वाजतो, त्याला उलटं-सुलटं नसतं. हे अगदीच खोटं नव्हतं. एकटा स्पीकर खरंच कसाही जोडला तरी वाजतो. पण त्यापुढे मी जे बोललो ते आज लिहितानाही मला बोचतं. दहा-बारा माणसांसमोर मी थोरल्या बहिणीला म्हणालो, "आक्का, तुला ह्यातलं काय कळतंय? तू चहा टाक."

आक्का आत गेली आणि तिने चहा टाकला.

चहा झाला तरी डग्गा आला नाही. आम्ही खोकी विटांवर ठेवली, खाटेवर ठेवली, त्यांची तोंडं भिंतीकडे केली. दाजींनी करवत आणून भोक तांब्याएवढं केलं. मी त्या भोकात उशी कोंबली, ती त्यांनी उपसून माझ्या अंगावर टाकली. भजनी मंडळातले एक तबलजी बसले होते, त्यांनी रेकॉर्डमधल्या वादकालाच डग्गा येत नसल्याचा निकाल दिला आणि घरी निघून गेले. तोवर ॲम्प्लिफायर तापला, मे महिन्याची ती खोली तापली, माझ्या खोक्यातली लोकरही तापली, आणि घरभर मेंढरांचा वास सुटला. दाजींनी अगदी शांतपणे विचारलं, "पाव्हणं, आतलं मेंढरू जितं हाय का मेलं?"

माणसं हसली आणि मी पेटलो. जेवायला बसलो तरी विझलो नव्हतो. तिसऱ्या पोळीला मी म्हणालो, की हंगामभर त्या खडखडाटात उभं राहून तुमचे कान बाद झालेत, तुम्हाला डग्गा कुठला आणि बॉयलर कुठला हे कळायचं नाही.

दाजींनी तुपाची वाटी खाली ठेवली. "माजे कान ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "पंचमीला भैनीला न्यायला याल, तवा आधी म्हना, दाजी, भोक बरोबर हुतं. मग न्या."

मी म्हणालो, असलं म्हणण्यापेक्षा मी येणारच नाही. पोळी मात्र मी संपवून उठलो.

आणि खरंच गेलो नाही. पंचमीला बायकोने दारच्या लिंबाला झोका बांधला होता, तो तसाच लोंबत राहिला. राखी टपालाने आली, आत चिठ्ठी नव्हती. चिठ्ठी नाही म्हणून मी आक्कावरच चिडलो. बायको म्हणाली, चिठ्ठीत काय लिहायचं त्यांनी, भोक की बंद खोकं? तेव्हा मी बायकोवरही चिडलो. मग तिने माझ्याशी बोलणं कमी करत करत दिवाळीपर्यंत पार बंद केलं. वसुबारसेच्या सकाळी तिने माझ्या हातात एक पिशवी दिली, आत आक्कासाठी घेतलेली साडी होती. "त्यांना आणल्याशिवाय येऊ नका," एवढंच ती बोलली.

असा मी मुराळी होऊन निघालो. रस्ताभर स्वतःला बजावत होतो की खोक्याचा विषय काढायचा नाही. पोचलो तर दाजी व्हरांड्यात दाढी करत होते आणि आक्काची ट्रंक भरून दाराशी ठेवलेली होती. मी येईन की नाही हे तिला माहीत नव्हतं, तरी भरलेली होती. मला पाहून ती हसली. दाजींनी पाणी विचारलं, खुशाली विचारली आणि तोंडावरचा साबण पुसत म्हणाले, "मग? भोक बरोबर हुतं ना?"

'हो' म्हणायला काय लागत होतं? एक अक्षर. ट्रंक समोर होती, बहीण समोर होती. मी म्हणालो, "शास्त्रात बसत नाही."

माझं खोकं मी रागाने तिथेच टाकून गेलो होतो. पाच मिनिटांत दोन्ही खोकी, मी जोडलेल्या वायरींसकट, पुन्हा सतरंजीवर आली. रेकॉर्ड लागली. डग्गा नव्हताच. मी मासिकातली वाक्यं ओरडून सांगत होतो, दाजी बॉयलरचे दाखले देत होते (बॉयलर मी अजूनही पाहिला नव्हता), आणि शेजारचे लोक सवयीने दारात येऊन उभे राहिले होते. शेवटी दाजी आक्काला म्हणाले, "ट्रंक आत घे."

"घेऊ दे," मी म्हणालो. हो, मीच म्हणालो. त्या दोन शब्दांचा राग मला अजून येतो, आणि तो दाजींचा नाही.

आक्काने ट्रंकेला हात लावला नाही. ती आमच्या दोघांच्या मध्ये येऊन उभी राहिली. तिचा आवाज मोठा नव्हता, पण तिला इतकं चिडलेलं मी आधी कधी पाहिलं नव्हतं.

"सा म्हैनं झालं," ती म्हणाली. "तुमा दोघांच्या डग्ग्यापायी मी माहेर बघितलं न्हाई. आई आसती तर दोघांच्या बी कानाखाली वाजिवली आसती. त्यो आवाज दोघांला बी सारखा आला आसता."

मग ती आत जाऊन उलथनं घेऊन आली आणि माझ्या खोक्यामागे बसली. उलथन्याच्या धारेने तिने पहिला स्क्रू सैल केला. मी ओरडलो की हात लावू नको, काहीतरी जळेल. (काही जळणार नव्हतं. हे मला माहीत होतं.) तिने वर न बघता विचारलं, "बॅटरीत एक शेल उलटा घातला तर उजेड पडतो का रं?"

तिने काळी वायर काढली, तिच्या जागी तांबडी लावली, तांबडीच्या जागी काळी लावली आणि उलथन्याने स्क्रू पिळून टाकले.

डग्गा आला. असा आला की मांडणीवरची ताटं थरथरली आणि दारातली माणसं एक पाऊल मागे सरकली. बंद खोकंही घुमत होतं, भोकाचं खोकंही घुमत होतं, आणि ऐकायला दोन्ही मिळून एक होतं. सहा महिने एक स्पीकर हवा पुढे ढकलत होता, त्याच वेळी दुसरा ती मागे ओढत होता, आणि त्या ओढाताणीत बिचारा डग्गा मरत होता. खोक्यांचा काही संबंधच नव्हता. हे सगळं माझ्या कोर्सच्या पाचव्या धड्यात दिलेलं होतं. परीक्षेला पहिले चारच होते.

दाजींनी सुई उचलून रेकॉर्ड थांबवली. "वायरी कुनी जोडल्या हुत्या?" त्यांनी हळूच विचारलं. वसाहतीतल्या झाडून सगळ्यांना ते माहीत होतं, आणि सगळे माझ्याकडे बघत होते.

आक्का जाऊन ट्रंकेवर बसली. "दत्तू, यष्टीला आजून तासभर हाय," ती म्हणाली. "तू चहा टाक."

मी मुकाट्याने आत गेलो आणि जन्मात पहिल्यांदा चहा टाकला. साखर कारखान्याच्या वसाहतीत येऊन बिनसाखरेचा चहा पाजणारा माणूस आपण एकच पाहिला, असं दाजी आजही येईल त्याला सांगतात. त्यांचे कान बाद असतील, पण जीभ अगदी शाबूत आहे.