जोडीदारीन म्हंजे कोन

अकोल्याच्या दोन खोल्यांत तवा आमी चौघं होतो. मी, माहा पोरगा, सून अन् नात. नात अमरावतीले नोकरी करे, बडनेऱ्याकडं एका पोरीसंगं खोली करून राहे. दोन दिवसांसाठी घरी आली अन् कोरोनाची बंदी लागली. ती पोरगी तिकडं एकटी राह्यली.

नात दिवसभर जिन्यात बसून तिच्याशी फोनवर बोले. पोरगा म्हने, "काय गुटरगू लावली वं रोज? सरकारनं साऱ्याइले घरात बसवलं, तुहा मुक्काम जिन्यात!"

एक दिवस आमी दोघी तूर निवडत होतो. ती हळूच म्हने, "आजी, ती माही जोडीदारीन हाय."

माहा जलम वावरात गेला. आमच्यात निंदनाले जोडीदारीन लागते, बाजूची पात म्हंजे ओळ धरते ती. एक गेली तं दुसरी. मी तेच समजली. म्हनलं, "मंग काय झालं? म्या चार बदलल्या. तुले बी दुसरी भेटन."

ती हसली. मंग मोरीत जाऊन नळ सोडून बसली. पानी वाया जाते म्हनून मीच वरडली.

पुढं सुनेनं फोनवरचं बोलनं आयकलं. पोरानं फोन हिसकला, कपाटात ठेवून कुलूप लावलं. त्याच्या डोक्यात एकच, आता पन्नास मानसांत लगन आटपते, उरकून टाकू. पाहुन्यांनी नात मोबाइलवरच पाह्यली. तिकडून एक बाई हासून म्हने, "मुकी हाय का वं?" सून म्हने, "लाजून राह्यली."

लाजत नव्हती. जेवत नव्हती. बसल्या बसल्या एक एक केस उपटे. बाप म्हने, नाटकं हायेत. बारा दिवस असे गेले. मंग एका दुपारी माह्यापाशी येऊन बसली.

"आजी, मले जगावं वाटून नाही राह्यलं. फोन नेला तवा तिले ताप होता. पानी द्याले बी कोनी नाही तिथं."

तवा मी इचारलं, "ती तुही कोन होय? तुहा आजा माहा होता, तशी?"

"हो."

मले सारंच समजलं असं नाही. पन आपलं मानूस तापात पडलं अन् आपल्याले कोंडून ठेवलं तं काय होते, ते समजलं. मी पोराले म्हनलं, "चाबी दे."

"माय, तुले यातलं काही समजत नाही."

"नाही समजत. चाबी दे."

फोन चार्जिंगले लावून तिनं नंबर फिरवला. त्या पोरीच्या भावानं उचलला. पोरगी दवाखान्यात गेली होती. चार दिवसांआधी वारली. त्यानं इचारलं, "तुमी कोन?"

नात म्हने, "मैत्रीन."

आमच्या घरी कोनी रडलं नाही. सुनेनं कुकर लावला. नात निजे त्या खोलीची आतली कडी म्या काढून टाकली अन् तिच्याच बाजूले अंथरून टाकलं. लगनाचं नाव पुन्हा कोनाले काढू देल्लं नाही. बंदी उठल्यावर अमरावतीले मनाच्या डॉक्टरकडं नेलं. गोळ्या अजून चालू हायेत. जिती हाय, येवढंच.

वाचनाऱ्याले माहं येवढंच मांगनं हाय. घरचं पोर असं काही सांगन तं आपल्याले समजलं वाटलं तरी पुन्हा एकदा इचारा. अन् त्याचा फोन हिसकू नका.