सपरीला ग्रिल

यवतमाळला बदली झाली तेव्हा मला घरापेक्षा बंदोबस्त हवा होता. आईची साखर कधीही खाली यायची आणि मी दिवसभर कॉलेजात. म्हणून तिच्या गळ्यात मोबाइल अडकवून, तिला कॉलेजच्या पाहुण्यांच्या खोलीत बसवून, मी घर शोधत फिरत होते.

इथे भाड्याला किराया म्हणतात, हे पहिल्याच पाटीवर कळलं. पण प्रत्येक घरमालक मान वर करून सांगायचा, "दोन खोल्या अन् सपरी." सपरी म्हणजे घरापुढची छप्पर घातलेली, तीन बाजूंनी उघडी जागा. आपली ओसरीच की, असं पुणेरी थाटात ठरवून मी मोकळी झाले.

घर मिळालं. शेजारीच राहणाऱ्या घरमालकीणबाईंना मी लगेच म्हटलं, "सपरीला माझ्या खर्चाने ग्रिल लावते."

"काहून? कोंडून कायले घेता मॅडम?" त्यांना खरंच कळेना. मग म्हणाल्या, "पाहा बा, तुमची मर्जी."

त्यांना का कळेना, ते राहायला आल्यावर दुसऱ्याच दिवशी उमगलं. मी आत चहा करत होते, तर बाहेर दोन अनोळखी बाया आरामात तूर निवडत बसलेल्या. विचारणं नाही, पुसणं नाही! उन्हातून आलेला भाजीवाला टोपली टेकवून घाम पुसून गेला. किराया मी भरायचा आणि बसणार सगळी गल्ली! माझा पारा चढला. आई मात्र खुर्ची ओढून त्यांच्यात जाऊन बसली. मी ग्रिलवाल्याला रविवारी माप घ्यायला बोलावलं.

शुक्रवारी तास चालू असताना घरमालकीणबाईंचा फोन आला. "घाबरू नका. आजी सपरीत दिसून नाही राह्यल्या म्हणून आम्ही आत गेलो. पाह्यलं तं पलंगावर घामाघूम. साखरपाणी पाजलं, आता बोलून राह्यल्या."

ऑटोने घरी पोचले तेव्हा आई सपरीतच होती, भोवती पाचसहा बाया. मोबाइल गळ्यात तसाच. तिला तो उचलायचंही सुचलं नव्हतं. कुणी हाक मारली नव्हती, कुणी बोलावलं नव्हतं. फक्त एक खुर्ची रिकामी दिसली, आणि बाया निवडलेली तूर टाकून धावल्या होत्या. सगळ्या बंदोबस्ताच्या वर असलेली ही राखण मला आयती मिळाली होती, आणि मी तिलाच गज लावायला निघाले होते. रडू आलं, ते मी लपवलंही नाही.

रविवारी ग्रिलवाला टेप घेऊन हजर झाला. "कुठून कुठवर माप घेऊ, मॅडम?"

आईच्या खुर्चीशेजारी एक बाई फरशीवर बसून तूर निवडत होती.

"इथून त्या खांबापर्यंत," मी म्हटलं. "पण ग्रिलचं नको. बाकाचं घ्या."